एकाच पत्त्यावर सलग तीन वर्षे

९ जानेवारी

स्वस्ति श्री सकलभिंगमंडलाधीश्वरी, वक्रदृष्टिसरलीकरणधुरंधर, भग्नदंडिकासंधानपटू, नासिकामापनविशारद, बालपणीच्या मुष्टिप्रहारप्रदात्री, ज्येष्ठ भगिनी ताईसाहेब यांचे चरणी, विधी खात्याच्या तिसऱ्या मजल्यावरील जिन्यालगतच्या दालनाचे एकमेव अधिपती, उपखंडचूडामणी, परंतुकप्रवर्तक, स्वल्पविरामरक्षक, धाकटे बंधू 'पंडित' यांचा शिरसाष्टांग नमस्कार. पत्रास कारण एक आहे. पण थेट कारणावर येणे आमच्या खात्यात असभ्य मानतात.

आपले गेल्या महिन्याचे पत्र पावले. त्यात दुकानातील नव्या काचपेटीचे वर्णन सव्वा पान आणि चष्मेवाल्यांच्या मातोश्री निवर्तल्याचे वृत्त शेवटच्या अर्ध्या ओळीत, हे प्रमाण पाहून आपल्या मसुदाकौशल्याचा हेवा वाटला. महत्त्वाची बाब परिशिष्टात दडवण्याची कला आम्हांस पंधरा वर्षे लेखणी झिजवल्यावर साधली. चार वर्षे अंथरुणाला खिळलेली ती वृद्धा सुटली, असेच म्हणायचे. तिच्या शुश्रूषेस ठेवलेल्या त्या बाईंना दुसरीकडे काम मिळाले का? बाई फार चांगल्या आहेत, असे आपणच लिहीत होतात.

मी त्यांना 'चष्मेवाले' म्हणतो याचा राग मानू नये. एकवीस वर्षे आपण दोघे एकत्र आहात. नोंदणी कार्यालयात वेळ घेतली होती त्याच दिवशी एका शाळेचे साठ चष्मे द्यायचे निघाले, आणि पुढची वेळ जी घ्यायची होती ती अद्याप घ्यायचीच आहे. 'भावोजी' म्हणण्याचा अधिकार मला कोणत्या कलमान्वये मिळतो हे न ठरल्याने मी एकवीस वर्षे 'अहो, जरा' यावर निभावले आहे.

आता कारण. विवाह न करता संसार केलेल्या जोडीदारांना, ताटातूट झाल्यास, विवाहितांप्रमाणेच पोटगीचा हक्क देणारे विधेयक येत आहे. मसुदा कोणाच्या हाती आहे हे गुप्त आहे. त्या हाताला शाई लागलेली आहे आणि तोच हात हे पत्र लिहीत आहे, एवढेच सुचवतो. ताई, आपल्या वडिलांनी दहा वर्षे तुझे नाव घरात घेतले नाही. ते हयात असते तर त्यांना सांगितले असते की तुमच्या मुलीच्या घराला घर म्हणणारे वाक्य मी लिहिले, आणि त्याखाली शासनाची मोहोर आहे.

आपला,
पंडित

१९ जानेवारी

प्रिय पंडित,

तुझ्या पदव्या वाचता वाचता एक गिऱ्हाईक निघून गेलं. पुढच्या वेळी थोड्या कमी लाव, माझं नुकसान होतं.

इकडे ठीक. आई गेल्यापासून हे गप्प गप्प असतात. त्यांचं घर धाकट्या दिरांकडे गेलं. सामान हलवण्यात माझे पंधरा दिवस गेले. त्या बाईचं विचारलंस. तिला अजून काम नाही मिळालं. मिळेल.

एक विचारायचं होतं. दुकानात एक बाई येते, तिच्यासाठी. हा कायदा कधीपासून लागू होणार? म्हणजे आधी जे वेगळे झाले त्यांनाही मिळणार, की पुढे होतील त्यांनाच? तिला सांगीन. बिचारीला झोप लागत नाही.

आणि ते 'चष्मेवाले' तू खुशाल म्हण. माझी हरकत नाही. मला तरी काय म्हणायचं ते कुठं ठरलंय.

फोन करू नकोस. दुकान लहान आहे, सगळं सगळ्यांना ऐकू जातं.

ताई

२ मार्च

सकलभिंगमंडलाधीश्वरी इत्यादी इत्यादी (गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी संक्षेप) ताईसाहेबांस,

काल विधेयक सभागृहात मांडले गेले. छापील प्रत सोबत आहे. पहिल्या पानावरील मजकूर पुढाऱ्यांचा आहे, तो वगळावा. खंड चार तेवढा सावकाश वाचावा, बसून वाचावा, शक्य असल्यास चांगल्या प्रकाशात वाचावा. त्याची जन्मकथा सांगतो.

सदस्यांना एकच भय होते. उद्या कोणीही उठेल आणि म्हणेल, मी अमक्याचा जोडीदार होतो. मग खऱ्याखोट्याची पारख कशी करायची? एक म्हणाले, साक्षीदार हवेत. दुसरे म्हणाले, छायाचित्रे हवीत. तिसऱ्यांनी प्रतिज्ञापत्र सुचवले, कारण त्यांचे जावई वकील आहेत. दोन तास सर्वजण उंटावरून शेळ्या हाकत होते. तेव्हा हा आपला सेवक उठला आणि म्हणाला, "महोदय, खरा संसार पत्त्यावरून ओळखावा." आणि लिहिले: विभक्त होण्यापूर्वी लगतची सलग तीन वर्षे उभयतांचे वास्तव्य एकाच पत्त्यावर असले पाहिजे. सर्वांनी माना डोलावल्या. आमच्या खात्यात याला आयुष्य सार्थकी लागणे म्हणतात.

हे मला सुचले कशावरून? माझ्या कपाटात तुझी एकवीस वर्षांची पत्रे आहेत. प्रत्येक पाकिटाच्या मागे तुझ्या वळणदार अक्षरात एकच पत्ता, चष्म्यांचे दुकान, माडीवरची खोली. माझी तीन बिऱ्हाडे झाली, तुझ्या घराचा आकडाही बदलला नाही. तुझ्या घरावरून मापे घेऊन मी हा खंड शिवला आहे, ताई. अंगाला बरोबर बसेल.

तुमच्या त्या गिऱ्हाईक बाईंस कळवावे: काल, म्हणजे १ मार्च रोजी किंवा त्यानंतर जे विभक्त होतील त्यांनाच हा हक्क आहे. आधी झालेल्यांना नाही. विधेयक आता समितीकडे गेले असून कोणाही नागरिकास १५ एप्रिलपर्यंत लेखी निवेदन देता येईल.

स्वतःवर बेहद्द खूष असलेला,
पंडित

११ मार्च

पंडित,

खंड चार वाचला. बसून वाचला, चांगल्या प्रकाशात. फार सुरेख लिहिलंयस. त्या बाईला तो लागू होत नाही.

तिचं असं आहे. तिच्या माणसाची आई आजारी पडली. कूस बदलायलाही दोन माणसं लागत. त्यांचं घर दुकानापासून बारा मिनिटांवर. तो म्हणाला, थोडे दिवस तू तिकडे राहा, मी दुकान बघतो. थोडे दिवस म्हणजे चार वर्षं झाली. ती सकाळी म्हातारीचं सगळं आवरून दुकानात यायची, काचा घासायची, दुपारी जाऊन भरवायची, परत यायची, रात्री तिकडे झोपायची. तो रविवारी यायचा. आईजवळ बसायचा, तिच्या हातचा चहा घ्यायचा, जायचा. म्हातारी शेवटी शेवटी त्याला ओळखत नव्हती, हिला ओळखायची.

आता म्हातारी नाही. ही ट्रंक घेऊन दुकानात परत आली तर माडीवरची खोली त्यानं भाड्यानं दिलेली, स्वतःची पथारी पुढं दुकानात टाकलेली. मागं, जिथं यंत्र आहे, तिथं तिला एक खाट टाकून दिली. म्हणाला, तात्पुरतं.

पंडित, गिऱ्हाईक कोणी नाही. आणि आईंच्या शुश्रूषेला ठेवलेली ती चांगली बाई पण कोणी नव्हती. मीच.

तुला लिहिलं असतं तर तू दोन पानं विनोद केले असतेस. बायको म्हणून नाव नाही आणि सासरची धुणी मात्र करते, असं काहीतरी संस्कृतात. मला ते वाचायचं नव्हतं. म्हणून पाकिटावर दुकानाचाच पत्ता घालत राहिले. त्यावरून तू कायदा करशील हे कुठं माहीत होतं.

गेल्या सोमवारी हे म्हणाले, दुकान विकतोय, भावाकडे राहायला जाणार. मी म्हटलं, आणि मी? तर म्हणाले, "आपण चार वर्षं वेगळेच राहतोय की." वर्तमानपत्र समोर टाकलं. तुझ्या खंडाभोवती लाल शाईनं गोल केलेला. वकिलाकडून एक कागद करून आणलाय. त्यात लिहिलंय की आम्ही दोघं चार वर्षांपूर्वीच राजीखुशीनं विभक्त झालो. त्यावर सही केली तर काचा घासायचं यंत्र माझं. नाही केली तर तेही नाही. महिनाअखेरीला दुकान बघायला माणूस येणार आहे.

मी त्रेपन्न वर्षांची आहे. मला काचा घासता येतात, दुसरं काही येत नाही. दुकानाच्या पाटीवर नाव त्यांचं.

ताई

१४ मार्च

ताई,

सही करू नकोस.

हे वाक्य पत्राच्या आरंभी, मध्ये आणि अखेरीस आहे असे समज. तो कागद म्हणतो की तुम्ही चार वर्षांपूर्वी वेगळे झालात. तुझी सही झाली की तू १ मार्चच्या आधीची ठरतेस, आणि मग खंड चार बदलला काय आणि राहिला काय, तुला कवडी मिळणार नाही. त्यांच्या वकिलाने दोन कुलुपे घातली आहेत. एक तुझ्या सहीचे, ते अजून उघडे आहे. दुसरे पत्त्याचे. ते मी घडवले, आणि किल्ली हसत हसत त्यांच्या हाती दिली.

तुझे पत्र मी दालनाचे दार लावून वाचले. विनोद सुचला नाही. तू म्हणतेस तसा मी केला असता का? केला असता. हे सर्वांत लागले.

आता ऐक. दोन मार्ग आहेत. पहिला: माझ्या कपाटातील पाकिटे. एकवीस वर्षे एकच पत्ता, टपालखात्याच्या शिक्क्यांसह. मी न्यायालयात उभा राहीन आणि सांगेन की माझी बहीण याच पत्त्यावर राहत होती. मला याच पत्त्यावरून पत्रे येत होती. यातले एकही वाक्य असत्य नाही.

दुसरा: समितीसाठी सुधारित प्रत काढायची आहे. ती माझ्याच टेबलावरून जाते. 'एकाच पत्त्यावर' हे दोन शब्द त्यातून गळू शकतात. छापखान्यात शब्द गळतात. गेल्या वर्षी एका विधेयकातून अख्खे परिशिष्ट गळले आणि तीन महिने कोणाच्या लक्षात आले नाही.

कळव. आणि सही करू नकोस.

पंडित

२० मार्च

पंडित,

दोन्ही नको.

पाकिटांचं म्हणशील तर त्या गल्लीतल्या निम्म्या लोकांनी मला चार वर्षं त्या घराच्या दारात चादरी वाळत घालताना पाहिलंय. कोणाकोणाच्या डोळ्यांवर पट्टी बांधशील? त्यातल्या निम्म्यांचे चष्मे मीच केलेत, त्यांना चांगलं दिसतं.

आणि दुसरं तर अजिबात नको. उद्या कोणी शोधून काढलं की पंडितानं बहिणीसाठी कायद्यातून शब्द चोरले, तर तुझी नोकरी जाईल आणि माझ्यासारख्या जितक्या बायका असतील त्या सगळ्यांचं खोटं ठरेल. मी चार वर्षं काही चोरून केलं नाही. लपवलं, ते फक्त तुझ्यापासून.

सही केली नाही. पण केली असती. परवा हे समोर कागद ठेवून बसले. रागावले नव्हते, तेच वाईट. दमलेले होते.

"कशाला ताणतेस," म्हणाले. "यंत्र घे, कुठंतरी टेबल टाक. मला राहिलेली वर्षं जरा मोकळी जाऊ दे."

मी म्हटलं, "मी कुठं बांधून ठेवलंय?"

"तू तर आईकडेच होतीस."

"कुणाच्या आईकडे?"

 त्यांनी पेन पुढं केलं. मी हातात घेतलं, टोपण काढलं. मग म्हटलं, "माझा चष्मा सापडत नाहीये, वाचल्याशिवाय कशी करू?" पंडित, आमच्या दुकानात चारशे चष्मे आहेत. त्यांनी एकदा त्या काचपेटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि उठून गेले. पण असं किती दिवस चालणार? ते यंत्र मी सोळा वर्षं चालवतेय. त्याचा आवाज जरा बदलला की मला न बघता कळतं.

तू लिहिलंयस की कोणालाही निवेदन देता येतं. ते कसं लिहितात? मला लाज वाटतेय ती पैशाची नाही. कोण कुठल्या लोकांसमोर सांगायचं की मी एका म्हातारीचं सगळं केलं आणि मी तिची कोणीच नव्हते.

ताई

२७ मार्च

ताई,

काल सकाळी सचिवांच्या खोलीत गेलो आणि उभ्यानेच सांगितले की खंड चार ज्या घरावरून बेतला ते माझ्या बहिणीचे आहे, ते माप चुकले आहे, आणि ती निवेदन देण्याचा विचार करत आहे.

सचिव कधी आवाज चढवत नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नाते आहे हे आज सांगताय?"

"साहेब, बहिणीचे घर मी पाकिटाच्या मागच्या बाजूने ओळखत होतो. आत काय चालले होते ते या महिन्यात कळले."

"म्हणजे सभागृहासमोर गेलेला खंड तुम्ही पाकीट पाहून लिहिलात?"

"हो."

"आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या."

"हो. तुम्हीही."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "फाईल इथे ठेवा. उद्यापासून तुम्ही वजनमापे विभागात. समितीच्या मजल्यावर यायचे नाही. आणि पंडित, हे तुम्ही लेखी द्या. नाहीतर उद्या कोणी म्हणेल तोंडी सांगितलेच नव्हते." त्यांच्या आवाजात राग होता की कळकळ, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

म्हणून मी आता तळमजल्यावर आहे. येथे तराजूच्या दांडीवरील शिक्क्याचा व्यास किती असावा, यावर नियम करायचे असतात. शेजारी एक सद्गृहस्थ अकरा वर्षांपासून मापट्याची व्याख्या लिहीत आहेत.

तुझे निवेदन मी लिहून देऊ शकत नाही. तसे करणे आता गैर ठरेल, आणि खरे सांगायचे तर ते माझ्या हातून बिघडेल. माझ्यासारखे लिहू नकोस. मला लिहितेस तसे लिही. काय केलेस, कुठे राहिलीस, किती वर्षे, कोणाच्या सांगण्यावरून. विशेषण एकही नको. खाली सही कर. ही सही खुशाल कर.

तो माणूस महिनाअखेरीस येणार होता. तो आला का? कागदाचे काय झाले? पोचताच कळव.

पंडित

१६ एप्रिल

ताई,

वीस दिवस झाले, तुझे पत्र नाही. निवेदनाची मुदत काल संपली. तू पाठवलेस की नाही हे जिन्यावरून दोन मजले चढून विचारता येईल. पण ते मजले मला बंद आहेत, आणि शिपाई, जो पंधरा वर्षे माझ्या चहातला पहिला घोट स्वतः घेत आला, तो मला पाहून फाईल छातीशी धरतो.

दुकानाच्या फोनवर दोनदा प्रयत्न केला. एकदा तेच बोलले. मी सवयीने "अहो, जरा" म्हणालो. ते म्हणाले, "ती नाहीये." कुठे गेली, विचारले. म्हणाले, "ट्रंक आहे इथं, ती नाहीये," आणि ठेवून दिला.

तुझी सही झाली असेल तर तेही लिही. मी रागावणार नाही. एका ओळीचे का होईना, पत्र पाठव. रजेचा अर्ज खिशात घेऊन फिरतो आहे.

पंडित

२९ एप्रिल

पंडित,

रजा टाकू नकोस. मी तुझ्याच इमारतीत होते.

सविस्तर सांगते. निवेदन सात वेळा लिहिलं, सहा वेळा फाडलं. दुकानात लिहिता येईना म्हणून समोरच्या शिवणवाल्या बाईकडे जाऊन लिहायचे. तू फोन केलास तेव्हा तिथंच होते. शेवटच्या दिवशी टाकलं. आठ दिवसांत समितीचं बोलावणं आलं. तुला कळवलं नाही, कारण तिथं कोणी विचारलं असतं की खात्यातल्या भावाला भेटलात का, तर मला 'नाही' म्हणता यायला हवं होतं. २४ तारखेला मी तळमजल्यावरून गेले. एका दारावर 'वजनमापे' लिहिलेलं होतं. आतून तुझा खोकला ऐकू आला. मी थांबले नाही.

वर लांबलचक टेबल, अकरा माणसं. अध्यक्षबाई मधोमध. त्यांनी ते पहिलं विचारलंच, मी 'नाही' म्हटलं. मग माझा कागद वाचून म्हणाल्या, "चार वर्षं तुम्ही ज्यांची शुश्रूषा केलीत, त्या बाईंच्या तुम्ही कोण?"

मी म्हटलं, "तेच विचारायला आलेय."

एक सदस्य, टकलावर हात फिरवत, म्हणाले, "बाई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण वेगळ्या घरात राहून एकत्र संसार होतो, असं कसं मानायचं?"

मी विचारलं, "साहेब, तुम्ही अधिवेशनासाठी इथं किती दिवस असता?"

"असतो चार-पाच महिने."

"दर अधिवेशनाला मोडतो का तुमचा संसार?"

शेजारचे हसले. ते नाही हसले. म्हणाले, "पण नियम ढिला केला तर कोणीही येईल. दुरुपयोग होईल."

तेव्हा मी पिशवीतून तो कागद काढला. चार वर्षांपूर्वी राजीखुशीनं विभक्त झालो म्हणणारा. सही न केलेला. अध्यक्षबाईंसमोर ठेवला. म्हटलं, "तुमचा खंड मांडल्याला आठवडा झाला नव्हता तेव्हाचा कागद आहे हा. दुरुपयोग म्हणतात तो येऊन गेला. फक्त कोणी केला ते बघा. आईजवळ राहा म्हणून त्यांनीच सांगितलं, आणि आता राहिलीस म्हणून तू माझी कोणी नाहीस म्हणतात. तुमच्या खंडाच्या जोरावर."

कागद टेबलावरून हातोहात फिरला. टक्कलवाल्यांनी दोनदा वाचला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "हा आमच्याकडे राहू दे?" मी म्हटलं, "राहू दे. घरी नेला तर पुन्हा पेन पुढं येईल."

परत आले तर हे दुकानात होते. विचारलं, कागद कुठाय? मी सांगितलं, सरकारजमा. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा असा झाला की कोणीतरी आपल्याकडे बघतंय हे कळलंय. दुकान बघायला आलेला माणूस भानगड आहे म्हणून परत गेला. हे आता वरच्या भाडेकरूला काढून स्वतः माडीवर राहतात. मी खाली यंत्राजवळ. दिवसभर एकमेकांना "ती फ्रेम द्या", "हा नंबर बघा" एवढंच. समितीनं ऐकलं नाही तर पुढच्या महिन्यात मी रस्त्यावर आहे, हे दोघांनाही माहीत आहे.

तू खोकल्यावर औषध घे.

ताई

२३ जून

ताई,

काल विधेयक संमत झाले. मी प्रेक्षकांच्या सज्जात, मागच्या रांगेत, खांबाआड होतो. वजनमापे विभागातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. कारण 'कौटुंबिक' असे लिहिले. पंधरा वर्षांच्या नोकरीत त्या रकान्यात प्रथमच खरे लिहिले.

खंड चारवर दीड तास खडाजंगी झाली. दुरुस्ती मांडायला कोण उठले असेल? ते टकलावर हात फिरवणारे. त्यांनी तुझा तो कागद वाचून दाखवला, नावे गाळून.  कोणी ओरडले, "हे एकच उदाहरण आहे!" ते म्हणाले, "एका आठवड्यात एक. वर्षाचे तुम्ही काढा." मतदान झाले. सात मतांनी दुरुस्ती टिकली. मोजणी दोनदा झाली, आणि तेवढा वेळ मी खांबाला टेकून उभा होतो.

'एकाच पत्त्यावर' गेले. आता असे आहे: उभयतांनी समान संसार केला असला पाहिजे, आणि जोडीदारापैकी एकाने दुसऱ्याच्या संमतीने त्याच्या आप्ताची शुश्रूषा करण्यासाठी अन्यत्र वास्तव्य केले असल्यास, तो काळ समान संसाराचाच भाग मानला जाईल. हे वाक्य माझ्या जागी आलेल्या मुलीने लिहिले आहे. सत्तावीस वर्षांची आहे. मी शोधूनही त्यात सुधारण्यासारखे काही सापडले नाही, याचा मला किंचित राग आहे.

तुझ्या पत्रावरून कळले की तू अर्ज तयार ठेवलास आणि वकीलबाई तो कायदा राजपत्रात आल्याच्या दिवशीच दाखल करणार आहेत. दुकान निकालापर्यंत विकू नये अशीही मागणी त्यात आहे. उत्तम. ते माडीवरून खाली येऊन "आपसात मिटवू" म्हणाले, हेही कळले. मिटवायचे की नाही हे तूच ठरव. मात्र जे ठरेल ते कागदावर घे आणि तुझा चष्मा लावून वाच.

एक सांगायचे राहिले. त्या दुपारी मी खोकलो तेव्हा दाराबाहेर कोणी क्षणभर थबकल्यासारखे वाटले. मी उठून पाहिले नाही. मापट्याच्या व्याख्येवर वाद चालला होता.

तू त्या यंत्रावर करून पाठवलेला चष्मा पावला. अक्षर स्वच्छ दिसते. खात्यातील जुने मसुदे पुन्हा वाचले आणि ते आधी धूसर होते तेच बरे होते असे वाटले. परंतु डावी दांडी कानामागे टोचते. चार वाजेपर्यंत त्या बाजूचे कानशील ठणकू लागते. मापटेवाल्या सद्गृहस्थांनी उपाय म्हणून ती जराशी वाकवली, त्यामुळे आता उजवी काच भुवईवर आणि डावी गालावर येते, आणि मी पाहत असलेली प्रत्येक ओळ उतारावरून घसरल्यासारखी दिसते. दांडी गरम पाण्यात धरून सरळ करायची की थंड पाण्यात, आणि किती वेळ, हे तू लिहिलेले नाहीस. इथे पाणी तापवायला परवानगी लागते आणि तो अर्ज कोणाकडे करायचा, याबाबत नियम नाही.

पंडित